सोजरबाईंचं जपान

सोजरबाईंचं मत नाही असा विषय सोलापुरात नव्हता. आमटीला फोडणी कधी द्यावी, पोस्टमननं सायकल कुठं टेकवावी, शेजारच्या मल्लव्वाच्या जावयानं मिशी ठेवावी की काढावी, या सगळ्यांवर त्यांचं मत तयार असे. ते कुणी विचारेल म्हणून वाट बघत बसायला त्यांना सवड नसे. त्यांची हयात मोहोळजवळच्या खेड्यात गेली. नवरा महिपती अबोल होता. या घरात बोलणारं एक माणूस पुरे, हे त्याच्या लग्नानंतर लवकरच ध्यानात आलं असावं. तो गेल्यावर जमीन वाट्यानं लावून सोजरबाई सोलापूरला मुलाकडे राहायला आल्या. येताना जातं, पाटा-वरवंटा आणि मतं एवढं सामान बरोबर होतं.

मुलगा एकनाथ एका कचेरीत कारकून होता आणि स्वभावानं बापावर गेला होता. त्याची बायको यशोदा कुर्डुवाडीची, रेल्वेच्या वर्कशॉपमधल्या फिटरची मुलगी. मॅट्रिक होऊन तिनं डी.एड. केलं होतं, आणि रेल्वे कॉलनीत वाढल्यामुळे तिला इंग्रजी बरं वाचता येई. पत्र्याच्या त्या दोन खोल्यांत सासू बोले, सून ऐके आणि एकनाथ दोघींकडे बघून मान हलवी. ती मान हो म्हणते की नाही म्हणते, हे दोघींपैकी एकीलाही कधी कळलं नाही.

एकनाथला नाद एकच, सिनेमाचा. गावातल्या काही मास्तर-वकिलांनी मिळून फिल्म सोसायटी काढली होती आणि एकनाथ तिचा चिटणीस होता. चिटणीस म्हणजे स्टेशनावरून रिळांचे डबे खांद्यावर मारून आणणारा माणूस. अध्यक्ष होते चनबसप्पा सर. ते कॉलेजात इतिहास शिकवत आणि एकदा बोलायला लागले की पुढचं शतक उजाडल्याशिवाय थांबत नसत. त्या वर्षी सरांनी मुंबईतल्या जपानी कचेरीला पत्रांवर पत्रं लिहून काही रिळं मिळवली. ती सिनेमाची नव्हती. जपानात टेलिव्हिजनवर दाखवलेली ती घरगुती नाटकं होती. टेलिव्हिजन मुंबईला आला होता, पुण्यालाही आला होता, सोलापूरपर्यंत मात्र त्याची नुसती बातमी आली होती. तेव्हा आमच्या गावानं आधी जपानचा टेलिव्हिजन पाहिला आणि आपला मागाहून, तोही एका शाळेच्या हॉलमध्ये भिंतीवर चादर ताणून. ही चादर साधी पांढरी होती. सोलापुरी चादरीवर मोर असतात आणि माणसाच्या तोंडावर मोर आलेला चालत नाही.

सोजरबाईंना जपानचं काडीइतकं कौतुक नव्हतं. पण रविवारी सकाळी मुलगा आणि सून नटूनथटून निघणार आणि आपण घरात बसून भिंती बघायच्या, हे त्यांना मंजूर नव्हतं.

"म्या बी येते," त्या म्हणाल्या.

"आई, जपानी भाषा आहे. खाली इंग्रजी अक्षरं येतात."

"मग? माझी सून इंग्रजी शिकलीया ती काय लोणचं घालाया?"

यावर एकनाथनं मान हलवली आणि तिघं निघाली.

पहिल्या नाटकात एका विधवेचं शेवयांचं दुकान होतं. यशोदा सासूच्या कानाशी लागून, जमेल तेवढं वाचून, हळू आवाजात मराठी करून सांगे. सोजरबाई ते ऐकून त्यावरचं आपलं मत मोठ्यानं सांगत. यशोदेचं कुणाला ऐकू जात नसे, सोजरबाईंचं सगळ्या हॉलला जाई. "दोन काड्यांनी शेवया खात्यात! पोटात जानार कवा आन् कामाला लागनार कवा?" मग दुकानात गिऱ्हाईक सुर्रकन ओढून खायला लागलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आता कसं! म्हंजी येतंय की खायाला." पुढं त्या विधवेला दुःख झालं. ती पाठ वळवून बसली आणि तिचा एक खांदा किंचित हलला. यशोदेचे डोळे भरून आले. सोजरबाईंना हे अजिबात पटलं नाही. "ही काय रडायची रीत? रडायचं तर मानसानं मोकळं रडावं की. शेजारीन धावून आली पायजे."

पहिल्या रविवारी वकील मंडळींनी मागं वळून बघितलं. दुसऱ्या खेपेला त्यांच्या बायका आल्या आणि सोजरबाईंच्या पुढच्या रांगेत जागा धरून बसल्या. सोसायटीची वर्गणी भरायला नाखूश असलेली चार माणसं आपण होऊन पैसे देऊन गेली. ती जपानसाठी आली की सोजरबाईंसाठी, याचा सरांनी फार शोध घेतला नाही.

त्या पहिल्याच नाटकात सोजरबाईंनी एक गोष्ट हेरली. त्या विधवेकडे एक म्हातारा सोयरीक घेऊन येतो आणि बसतो तो उठतच नाही. मग ती बाई हळूच दाराशी जाते, गुडघे टेकते आणि त्याच्या चपला उचलून त्यांची तोंडं रस्त्याकडे करून ठेवते. थोड्याच वेळात म्हातारा उठतो आणि चालू लागतो.

सोजरबाईंनी मांडीवर थाप मारली. "ही खरी अक्कल! तोंडानं जा म्हनायचं न्हाय. चपला वळवायच्या. शाना आसंल तर उठंल."

दुसऱ्या नाटकात एक तलवारवाला होता. डोक्यावर शेंडी बांधलेली, नोकरी गेलेली, आणि घरी बसून तो कागदी छत्र्या चिकटवत असे. सोजरबाईंना तो मुळीच आवडला नाही. "तलवार रोज पुसून ठेवतोय, आन् छप्पर गळतंय ते बायकू बगती. त्या तलवारीनं दोन बांबू तरी तोड म्हनावं." पण त्याच्याही घरी एक मित्र लांबण लावून बसला, त्याच्याही बायकोनं जाऊन चपला वळवल्या आणि मित्र उठला. आता शंकेला जागा उरली नाही. पाहुण्याला चालता हो म्हणायची जपानी रीत सोजरबाईंनी स्वतः शोधून काढली होती. संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी ती मल्लव्वाला शिकवली. मल्लव्वा अक्कलकोटकडची, घरी कानडी बोलणारी. तिला मराठी निम्मं कळे, पण सोजरबाई सांगतात ते खरंच असणार याची खात्री पुरी होती.

"हौदु, सोजरव्वा," मल्लव्वा म्हणाली. "माझ्या व्याह्याला करते आसं."

तिसऱ्या नाटकात लग्न होतं आणि नवरी नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत. सोजरबाई कळवळल्या. "आगं बया, मांडवातच इपरीत झालं का काय!" नवरा धडधाकट शेजारी बसलेला आहे हे यशोदेनं दाखवलं तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला. तरी पुढं नाटकभर त्या नवऱ्याच्या तब्येतीवर लक्ष ठेवून होत्या. पांढरं नेसलेल्या नवरीचा काय भरवसा!

असे ते दिवस मजेत चालले होते, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर यशोदेला नोकरी लागली. करमाळ्याच्या शाळेत शिक्षिकेची नेमणूक. जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी हजर व्हायचं, नाही तर जागा दुसऱ्याला. तिच्या मावशीची नणंद करमाळ्यातच राहत होती, तिच्याकडे खोली मिळत होती. शनिवारी दुपारी शाळा सुटली की एस.टी.नं घरी यायचं, सोमवारी पहाटे परत. यशोदेनं लग्नाआधीपासून या एका गोष्टीची वाट पाहिली होती. तिनं एकनाथला सांगितलं. एकनाथनं मान हलवली. मग तिनं सासूला सांगितलं.

"बगू," सोजरबाई म्हणाल्या.

सोजरबाईंचं 'बगू' हे भल्याभल्यांनी पाहिलं होतं. मोहोळच्या घराला नवीन दार बसवायचं महिपतीनं एकदा काढलं होतं. तेव्हा त्या 'बगू' म्हणाल्या, आणि महिपती जुन्याच दारानं गेला. यशोदेला हे ठाऊक होतं. तिनं पुन्हा विषय काढला नाही, पण भाकरी थापताना तिचा हात मध्येच थांबू लागला.

आता खरं सांगायचं तर सोजरबाई दुष्ट नव्हत्या. नोकरी करणाऱ्या बाईबद्दलही त्यांचं काही म्हणणं नव्हतं. मल्लव्वाची मुलगी गिरणीत जाई, तिचं त्या तोंडभरून कौतुक करत. त्यांना भीती वाटत होती. एकनाथ सकाळी जाई तो दिवेलागणीला येई, आणि आला तरी मान हलवण्यापलीकडे त्याचं येणं समजत नसे. दिवसभर त्या कुणाशी बोलणार? गावातलं घर सोडून त्या शहरात आल्या त्या या सुनेच्या जिवावर. ती ऐकत होती म्हणून सोजरबाईंची मतं ही मतं होती, नाही तर ती एका म्हातारीची बडबड झाली असती. पण ही भीती तोंडानं सांगायची म्हणजे सुनेपुढं हात पसरल्यासारखं. म्हणून त्या 'बगू' म्हणाल्या.

अशातच चौथं नाटक आलं. त्यातही सासू होती आणि सून होती. समुद्रकाठच्या गावात दोघींची छोटी खानावळ. मुलगा दर्यात गेलेला, परत न आलेला. सुनेला शहरात जाऊन शिवणकाम शिकायचं होतं, आणि सासू काही केल्या हो म्हणत नव्हती. नाही असंही म्हणत नव्हती. विषय निघाला की ती उठून मासे उलटेपालटे करी.

हॉलमध्ये सोजरबाईंनी सुनेची बाजू घेतली आणि अशी घेतली की वकिलांनी शिकून जावं. "जाऊ दे की तिला, थेरडे! तुझं काय जातंय? तरनी पोर हाय, मासे वाळवत बशील का तिला बी?" बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एकनाथ अंधारात खुर्चीत खाली खाली सरकत होता. यशोदा कानात सांगायचं काम इमानानं करत होती, फक्त तिचा आवाज बारीक झाला होता.

शेवटच्या प्रसंगात कुणी बोललंच नाही, त्यामुळे यशोदेकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. पहाट होती. सासू दाराशी आली, गुडघे टेकून बसली आणि सुनेच्या चपला दोन्ही हातांनी उचलून तिनं त्यांची तोंडं रस्त्याकडे केली. सून बाहेर आली, चपलांकडे बघत उभी राहिली आणि खोल वाकली. मग पाय घातले आणि चालू लागली. नाटक संपलं.

"हाकलली!" सोजरबाई उभ्याच राहिल्या. "बगितलं का? हाकलली पोरीला! आगं, नवरा गेल्याली पोर, कुटं जाईल ती? चपला वळवतीस व्हय गं, सटवे!"

कुणीतरी दिवे लावले. यशोदा डोळे पुसत होती. सोजरबाईंना वाटलं, आपल्यासारखाच तिलाही राग आला आहे.

त्यानंतर कितीतरी दिवस त्या जपानी सासूची धडगत नव्हती. भाजी निसताना, दळताना, पाणी भरताना सोजरबाई तिचा उद्धार करत. आणि प्रत्येक वेळी शेवटी गाडी एकाच फाट्यावर येई. "बग यशोदे, तितल्या सासवा कशा हायत. हितं बग. म्या तुला कदी जा म्हनले का? घर सोड म्हनले का? म्या तर म्हनते, हितंच ऱ्हा."

"होय, आत्याबाई," यशोदा म्हणे आणि चुलीकडे वळे.

मे महिना संपत आला. एका रविवारी दुपारी चनबसप्पा सर पुढचा कार्यक्रम ठरवायला घरी आले. बाहेरच्या खोलीत एकच बाज होती, आणि जेवल्यावर त्या बाजेवर आडवं होण्याचा हक्क सोजरबाईंचा होता. सर नेमके तिच्यावर बसले. एक चहा झाला. दुसरा झाला. सर जपानवरून चीनवर गेले, चीनवरून तुर्कांवर आले. पत्रा तापून खोलीत भट्टी झाली होती आणि सोजरबाईंच्या पापण्या जड झाल्या होत्या. शेवटी त्यांनी ठरवलं, शिकलेली विद्या वापरायची. त्या उठून दाराशी गेल्या. सरांच्या जाडजूड पायताणांना हात लावण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी पायाच्या अंगठ्यानं ढकलून ढकलून दोन्हींची तोंडं रस्त्याकडे केली आणि आत येऊन भिंतीला टेकून बसल्या.

सर तेवढ्यात खरोखरच उठले. "बराय एकनाथराव, निघतो," म्हणत दारापर्यंत गेले. सोजरबाईंनी जपानला मनोमन दाद दिली.

पण सर उंबऱ्यावरच थांबले, खाली बघितलं आणि गर्रकन आत वळले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"एकनाथराव! या चपला कोणी वळवल्या?"

एकनाथनं आईकडे बघितलं. सोजरबाईंनी हनुवटी वर केली. "म्या."

"आजी!" सरांनी अक्षरशः हात जोडले. "अहो, मी इतकी वर्षं पुस्तकं वाचतो, मला एकदाही सुचलं नाही हो. तुम्ही नाटकं बघून उचललंत आणि आचरणातही आणलंत! माझ्यासारख्याचा एवढा मान केलात!"

आणि सर परत येऊन बाजेवर बसले.

सोजरबाईंना काही कळेना. "मान? कसला मान?"

"हाच! जपानात पाहुण्याची पादत्राणं यजमान मान म्हणून अशी वळवून ठेवतो. निघणाऱ्याला अवघडून मागं वळावं लागू नये, पाय घातला की पाऊल सरळ वाटेला लागावं. तुझा पुढचा रस्ता सुखाचा होवो, असं तोंडानं न बोलता सांगणं आहे ते."

सोजरबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. त्यांच्या बाबतीत हे एवढं नवीन होतं की एकनाथनं पंख्याकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं, बंद कसा पडला म्हणून.

"मग त्या म्हातारीनं?" त्यांनी विचारलं. "ती मासेवाली. सुनेच्या चपला वळवल्या ती?"

"तेच तर आजी! सगळं नाटक तिथंच आहे. शेवटपर्यंत ती सुनेला जा म्हणत नाही. म्हणवतच नाही तिला. सून गेली की तिचं कोण आहे? आणि तरी पहाटे उठून, गुडघे टेकून, सासू असून सुनेच्या चपलांना हात लावते. मी तर बुवा रडलो."

यशोदा तिसरा चहा घेऊन मधल्या दारात उभी होती. सर पुढं तासभर बोलत होते, पण सोजरबाईंनी त्यातलं काही ऐकलं नाही, आणि बाजेवर आडवं व्हायचं तर त्या पार विसरून गेल्या.

सर गेल्यावर त्यांनी सुनेला हाक मारली. "तुला ठावं हुतं?"

"होतं," यशोदा म्हणाली.

"त्या दिशीच?"

"होय."

"मग म्या रोज त्या बाईला शिव्या घालत हुते, तवा का न्हाय सांगितलंस?"

यशोदेनं बशी पुसायला घेतली. ती कोरडीच होती. "सांगितलं असतं तर मी माझ्यासाठीच बोलतेय असं झालं असतं, आत्याबाई. जपानच्या बाईच्या तोंडून माझं मागणं मागितल्यासारखं."

सोजरबाईंना हे लागलं. चांगलंच लागलं. इतके दिवस आपण भर हॉलमध्ये जपानच्या सुनेसाठी भांडलो आणि घरची सून कानाशी बसून तेच शब्द आपल्याला सांगत होती, हे त्यांना एकदम दिसलं. जपानची थेरडी मासे उलटेपालटे करत होती आणि आपण 'बगू' म्हणत होतो. पण म्हणून त्या लगेच नमल्या असं कुणी समजू नये. हार मानायची तर मत सोडून मानायची नाही, असा त्यांचा बाणा होता.

"काय बी आसंल," त्या म्हणाल्या. "तरी त्या म्हातारीनं तोंडानं सांगाया पायजे हुतं. देवानं तोंड कशाला दिलंय?"

जून उजाडला. शाळा उघडायला एक दिवस राहिला तरी सोजरबाईंच्या तोंडून काही निघालं नाही. रोज सकाळी त्या ठरवत, आज सांगायचं. भाजीवालीला चार गोष्टी सुनावत, मल्लव्वाला जावयाच्या मिशीबद्दल बजावत, आणि सून समोर आली की त्यांना नेमकं डाळीतले खडे निवडायचं आठवे. 'जा' हा एवढासा शब्द. जन्मभर हजारांनी शब्द उधळलेल्या बाईला तो एक सापडेना. यशोदेनं कपडे भरून ठेवलेली पत्र्याची पेटी त्या संध्याकाळी पुन्हा बाजेखाली सरकवली. पेटी फरशीवरून घासत गेली तो आवाज सोजरबाईंनी आतून ऐकला.

दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी उठल्या. बाहेर नुसतं फटफटत होतं. त्यांनी आवाज न करता भाकरी भाजल्या, शेंगाचटणीची पुडी बांधली आणि दाराशी आल्या. यशोदेच्या चपला भिंतीकडेला होत्या, रोजच्यासारख्या आत तोंड करून. सोजरबाई इकडंतिकडं बघून खाली बसल्या. गुडघे दोन्ही वाजले. पायानं ढकलता आल्या असत्या, सरांच्या ढकलल्या तशा. त्यांनी हातानं उचलल्या.

चपला हलक्या होत्या. डाव्या चपलेचा अंगठा शिवलेला होता, तोही घरच्याच दोऱ्यानं. ही पोरगी कधी शिवत बसली, हे सोजरबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी महिपतीच्या पायताणांना हात लावला होता, सासऱ्याच्या लावला होता. सुनेच्या चपलेला हात लावणारी सासू त्यांनी पाहिलीही नव्हती, जपानची ती एक सोडली तर. त्यांनी पदराच्या टोकानं धूळ पुसली, दोन्ही चपला उंबऱ्याबाहेर जोडीनं ठेवल्या आणि त्यांची तोंडं रस्त्याकडे केली. शेजारी भाकरीचं गाठोडं ठेवलं.

आत येऊन त्या सूप घेऊन दाराकडे पाठ करून बसल्या आणि तांदूळ पाखडायला लागल्या. आणि मग त्यांचं सूप मध्येच थांबलं. पोरीनं आपण लावलेला अर्थ घेतला तर? इतके दिवस आपणच तर ओरडत होतो, चपला वळवणं म्हणजे हाकलणं म्हणून. त्यांना उठून चपला परत आत करून ठेवाव्यात असं वाटलं. पण तेवढ्यात सडा टाकायला यशोदा बालदी घेऊन बाहेर गेली होती.

बालदी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ कसलाच आवाज नाही. सोजरबाई सूप हलवत होत्या. त्यातले तांदूळ मघाशीच निम्मे खाली सांडले होते.

यशोदा आत आली. सासूच्या समोर येऊन बसली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि ते लवकर उचललं नाही.

"उठ, एस.टी. चुकंल," सोजरबाई सुपाकडे बघत म्हणाल्या. "एकनाथा, पेटी उचल."

एकनाथ आतल्या दारात केव्हाचा उभा होता. त्यानं मान हलवली. या वेळी ती कुठल्या बाजूला हलली हे दोघींनाही कळलं.

यशोदेनं चपलांत पाय घातले. तिला वळावं लागलं नाही. गल्लीच्या टोकापर्यंत ती सरळ गेली आणि तिथून तिनं एकदा मागं बघितलं. तोवर सोजरबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला आणि 'जा, जा' असा हलवला. तोंडानं मात्र तो शब्द अखेरपर्यंत आला नाही.

शेजारच्या ओट्यावरून मल्लव्वानं सगळं पाहिलं होतं. चपला पाहिल्या होत्या, तोंडं रस्त्याकडे पाहिली होती, पेटी जाताना पाहिली होती. तिला जे शिकवलं होतं त्याच्याशी हे तंतोतंत जुळत होतं. ती छाती बडवत धावत आली.

"अय्यो सोजरव्वा! सोन्यासारखी सून, घालवलीस की गं!"

सोजरबाईंना तिला पुष्कळ सांगायचं होतं. सर काय म्हणाले ते, मासेवाली म्हातारी काय करत होती ते, आपण तिला उगाच सटवी म्हणालो ते. पण त्यांनी तोंड उघडलं आणि मत निघेना. त्या पाठ वळवून उभ्या राहिल्या आणि त्यांचा एक खांदा किंचित हलला.

मल्लव्वा घाबरली. तिनं सोजरबाईंना असं कधी पाहिलं नव्हतं. "आगं, रडायचं तर मोकळं रड की. तूच सांगत हुतीस."

"गप बस," सोजरबाई म्हणाल्या. त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि उंबऱ्याबाहेरच्या त्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. "शनवारी येती ती. तवा बग हितं. चपला तोंडं आत करून काढंल."